गेय नाटकांचे प्राध्यापक

मानवजातीचा सांस्कृतिक ठेवा जतन करणं हे प्रत्येक सुशिक्षित माणसाचं आद्य कर्तव्य आहे, असं प्रा. कौतिक नथू पाटील यांचं ठाम मत होतं. हे मत त्यांना एक्याण्णव सालच्या डिसेंबरात, कस्टमवाल्यांचं पत्र आलं त्या दिवशी दुपारी साडेतीनच्या सुमारास झालं. त्याआधी त्यांना फक्त एका नाटकाची शेवटची नऊ पानं हवी होती.

नाटक इंग्रजी, टीव्हीवरचं. म्हणजे विलायतेतल्या टीव्हीवरचं. आपल्या टीव्हीवर तेव्हा कपाशीच्या बोंडअळीला जेवढा वेळ मिळे तेवढा प्रेमाला मिळत नसे, आणि या नाटकातलं प्रेम तर दोन पुरुषांचं होतं. तिकडे अशा माणसांना 'गे' म्हणतात, त्यांच्या जगण्यावर वीसेक वर्षांपूर्वी पहिल्यांदा काही नाटकं झाली, आणि ती लागली तेव्हा अर्ध्या लोकांनी टीव्ही बंद केला नि उरलेल्यांनी फक्त आवाज कमी केला, असं कौतिकरावांनी कॉलेजच्या लायब्ररीत एका जुन्या इंग्रजी साप्ताहिकात वाचलं होतं. ते साप्ताहिक रद्दीत निघालेलं होतं. कौतिकराव जळगावच्या कॉलेजात इंग्रजी शिकवत असल्याने लायब्ररीतली रद्दी आधी त्यांच्याकडे येई.

त्यांनी विलायतेला पत्र टाकलं. सहा महिन्यांनी उत्तर आलं ते डोरीन नावाच्या एका निवृत्त बाईंचं. शूटिंग चालू असताना संहिता मांडीवर घेऊन बसायचं आणि कुठलं वाक्य बदललं, कोण कुठे थांबलं, हे समासात पेन्सिलीनं टिपायचं, ही या बाईंची नोकरी. टिपांसकटच्या त्या संहिता त्यांनी टाकून दिल्या नव्हत्या. कोणीतरी हिंदुस्थानातून विचारतंय याचाच त्यांना इतका आनंद झाला, की त्यांनी एकामागून एक तीन संहिता बुकपोस्टानं पाठवून दिल्या.

तीन पार्सलांत कौतिकराव संग्राहक झाले. त्यांना छापलेल्या मजकुरापेक्षा समास आवडू लागले. कुठे चहाच्या कपाचं वर्तुळ, कुठे 'नट खोकला, पुन्हा घ्या', कुठे नुसतं उद्गारचिन्ह. व्याकरणाच्या गाइडांच्या रांगेमागे, लोखंडी कपाटात, ह्या संहिता कुलपात राहत. किल्ल्या दोन होत्या. एक कौतिकरावांच्या जानव्याला असती, पण ते जानवं घालत नसल्यामुळे पाकिटात असे. दुसरी धुळ्याला.

धुळ्याला चुडामण होता. पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन. गेली चौदा वर्षं तो दर शनिवारी दुपारच्या एस.टी.नं जळगावला येई आणि सोमवारी पहिल्या गाडीनं परत जाई. कौतिकराव राहत त्या पिंप्राळ्यातल्या कॉलनीत याला जिवाभावाची मैत्री म्हणत. ते दोघं याला काहीच म्हणत नसत. त्यासाठी अहिराणीत त्यांना शब्द सापडला नव्हता, आणि मराठीत जे सापडले ते चारचौघांत उच्चारण्यासारखे नव्हते.

पहिल्या दोन नाटकांचा शेवट वाईट होता. एकात नायक नदीत बुडतो, दुसऱ्यात ऑस्ट्रेलियाला जातो. चुडामणच्या मते यात फारसा फरक नव्हता. तिसरं मात्र वेगळं निघालं. त्यात लहानशा गावात एक शाळामास्तर आणि एक बस डेपोतला माणूस असे दोघं राहतात, भांडतात, नळ दुरुस्त करतात, आणि साठाव्या पानापर्यंत कोणी मरत नाही. साठाव्या पानाच्या तळाशी डेपोवाल्याची मोठी बहीण येते. तिनं भावासाठी मुलगी बघून ठेवलेली असते. ती घरभर फिरते, आतल्या खोलीच्या दारात उभी राहते आणि विचारते, "घरात खाट एकच?"

इथे पानं संपत होती. पुढची नऊ गहाळ.

एरवी माणूस म्हणाला असता, जाऊ दे. पण त्याच दिवाळीत चुडामणच्या मोठ्या बहिणीचं, भागाबाईचं, अमळनेरहून आंतर्देशीय आलं होतं. भागाबाईनं अमळनेरची एक मुलगी बघून ठेवली होती. आखाजी, म्हणजे खानदेशातली अक्षय्य तृतीया, हा लेकींनी माहेरी येण्याचा सण. 'आखाजीला माहेरपणाला धुळ्याला न येता जळगावलाच येते,' असं तिनं पुतण्याकडून लिहून घेतलं होतं, 'कारण तू तिथंच असतोस. तेव्हा काय ते तोंडावर सांग.'

"आता त्या डेपोवाल्यानं काय सांगितलं ते बघितलंच पाहिजे," चुडामण म्हणाला.

"अरे, ते नाटक आहे."

"मग दुसऱ्या कोणाला विचारू? सांग ना. धुळ्यात कोणाला विचारू?"

कौतिकरावांनी डोरीनबाईंना नऊ पानांसाठी पत्र टाकलं. नेमक्या तेव्हाच बाई मोठं घर सोडून लहान घरात राहायला चालल्या होत्या. त्यांनी नऊ पानं, आणि माळ्यावर असलेल्या आणखी पाच संहिता, प्रत्येकीच्या साऱ्या मसुद्यांसकट, असं अकरा किलोचं खोकं रवाना केलं. बुकपोस्टाची पातळ पाकिटं सुखरूप येत होती. अकरा किलोकडे मुंबईच्या कस्टमचं लक्ष गेलं. पत्र आलं: मजकूर कोणत्या स्वरूपाचा आहे? शैक्षणिक उपयोगासाठी असल्यास संस्थेचा दाखला जोडावा. अन्यथा, अथवा माल वर्णनाशी न जुळल्यास, प्रेषकाकडे परत.

आणि दुपारी साडेतीन वाजता कौतिकरावांना सांस्कृतिक ठेव्याची जाणीव झाली.

दाखल्यासाठी अर्ज मराठीत हवा, असा कॉलेजचा नियम होता. नियम मराठी विभागप्रमुख सुनंदाबाईंनी केला होता, आणि ऑफिसात जाणारा प्रत्येक कागद त्या तपासत. कौतिकरावांनी पाच मसुदे फाडले. 'विशिष्ट सामाजिक विषयावरील' असं लिहिलं तर कस्टमला संशय येणार. खरं लिहिलं तर प्रिन्सिपॉलांना. शेवटी त्यांनी धीर करून, बारीक अक्षरात लिहिलं: 'दूरचित्रवाणीवरील गे नाट्यसंहिता (हस्तलिखित टिपांसह)'. निदान विलायती शब्दाला विलायती इभ्रत असते, असा त्यांचा हिशेब होता.

सुनंदाबाईंनी चष्मा लावला. लाल पेन काढलं.

"कौतिकराव."

"हं."

"इंग्रजीवाल्यांना 'य' जड जातो का हो?"

"म्हणजे?"

"गेय! गे-य. गाण्याजोगं ते गेय. हे 'गे' काय लिहिलंय? 'गे बाई, गे माय' चाललंय का?" त्यांनी ठसठशीत लाल 'य' घातला. "आणि इतकी वर्षं बोलला नाहीत! गेय नाटकांचा व्यासंग, तोही परदेशी! मी तुम्हाला नुसते टेन्सवाले समजत होते."

इतिहासात असे क्षण येतात जेव्हा एका माणसानं तोंड उघडलं तर सगळं बदलतं. कौतिकरावांनी तोंड उघडलं. आत पान होतं. ते त्यांनी गिळलं आणि म्हणाले, "घाईत राहिला."

दाखला तासाभरात मिळाला. गोल शिक्का, प्रिन्सिपॉलांची सही, 'गेय नाट्यसंहिता' हे शब्द अधोरेखित. कौतिकरावांनी तो रजिस्टर्ड पोस्टानं मुंबईला पाठवला आणि घरी येऊन आडवे झाले.

पण सुनंदाबाई आडव्या होणाऱ्यांतल्या नव्हत्या. आठवड्याच्या आत स्टाफरूमला कळलं, स्टाफरूमकडून कॉलनीला, आणि एका सकाळी घरमालक सोहनलालजी दोन हमालांकरवी हार्मोनियम घेऊन दारात उभे राहिले. कापडाचे व्यापारी, बोलणं रेशमासारखं.

"प्रोफेसरसाब, आधी सांगायचं ना! चौदा साल झाले, तुम्ही आमच्याकडं भाड्यानं राहून राहिले, आणि आम्हाला माहीत नाही की घरात संगीत आहे."

"सोहनलालजी, तसं काही नाही हो."

"हेच! खरा कलाकार असाच म्हणतो. ही आमच्या बहिणीची, मोहनबाईची, भजनाची पेटी. काही पट्ट्या बोलत नाहीत, पण तुमच्यासारख्याला काय? ठेवा." मग आवाज खाली आणून म्हणाले, "मी मनात म्हणायचो, हे दोघं शनिवार-रविवार दार लावून काय करतात. आता समजलं. रियाज!"

कौतिकरावांचा चेहरा पाहून त्यांना विनयाचा भास झाला.

त्यानंतर लोक यायला लागले. संगीत नाटक म्हटलं की खानदेशात प्रत्येक घराच्या फळीवर कोणीतरी लिहून ठेवलेलं एक निघतंच. पाचोऱ्याचे एक निवृत्त ड्रॉइंग मास्तर तर ट्रंक घेऊन आले. स्वतः रचलेली नऊ नाटकं, सगळ्यांत पद्यं, सगळ्यांत शेवटी राजा मरतो. मास्तरांनी प्रत्येकातलं एक पद म्हणून दाखवलं आणि मग जेवले. फेब्रुवारी संपेतो समोरच्या खोलीत सदतीस वह्या, दोन बाडं आणि एक फुटका तंबोरा जमला. कौतिकरावांना सा आणि पा यांतला फरक कळत नव्हता. पण लोकांना वह्यांची पोच हवी असे, म्हणून त्यांनी नोंदवही घातली. आयुष्यात त्यांनी हौसेनं केलेला संग्रह कुलपात होता, आणि नको असलेला संग्रह बघायला शाळांच्या सहली येऊ लागल्या.

सल्लेही येत. शेजारच्या कमलबाई म्हणाल्या, वह्यांत कडुनिंबाचा पाला घाला. त्यांच्या यजमानांनी सांगितलं, पाला नको, डांबरगोळ्या घाला. दोन्ही घातल्यावर चुडामणला शिंका सुरू झाल्या, त्या धुळ्यापर्यंत टिकायच्या.

"लोकांना खरं सांगून टाक," चुडामण नाकाला रुमाल लावून म्हणाला.

"काय सांगू? 'य' काढा म्हणू?"

मार्चमध्ये कॉलेजनं 'गेय नाटक: काल, आज आणि उद्या' या विषयावर त्यांचं व्याख्यान ठेवलं. सतरा वर्षं कौतिकरावांनी इंग्रजी कविता जीव तोडून शिकवली होती, तेव्हा शिपायानंही टाळी वाजवली नव्हती. आता हार, श्रीफळ, आणि पहिल्या रांगेत संस्थेचे अध्यक्ष. विषयातलं काहीच येत नसल्यामुळे कौतिकराव नाइलाजानं खरं बोलले.

"हा प्रकार आपल्याकडे नवा नाही," ते म्हणाले, "तो घरोघर आहे. फक्त आपण तो मोकळेपणानं होऊ देत नाही. कितीतरी माणसं आयुष्यभर मनातल्या मनात... गुणगुणत राहतात. त्यांना वाटतं, या गावात असे आपण एकटेच."

सुनंदाबाईंनी डोळे टिपले. अध्यक्षांनी शेजाऱ्याला विचारलं, "स्वतः गातात का?" शेवटच्या रांगेत चुडामणला जोराचा खोकला आला आणि तो उठून बाहेर गेला. परत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. डांबरगोळ्या, त्यानं सांगितलं.

टाळ्या थांबेनात. कौतिकरावांना लाज वाटली, पण आवडलंही. हे दुसरं त्यांनी कोणाजवळ कबूल केलं नाही.

आखाजी सहा दिवसांवर आली तेव्हा पोस्टाची चिठ्ठी मिळाली: पार्सल मुंबईहून आलं आहे, दाखल्यावरील वर्णनाशी मजकूर ताडून, समक्ष उघडून देण्यात येईल. चुडामणनं धुळ्याहून अर्धा दिवस रजा टाकली.

पोस्टातले कारकून रुपचंद यांनी खोकं फोडलं, थुंकी लावून पानं चाळली आणि दाखला समोर धरला. रुपचंद सरळ माणूस होते, आणि सरळ माणसाइतका त्रास सरकारी खात्यात कोणी देत नाही.

"सर, इथं लिहिलंय गेय. मी पस्तीस पानं पाहिली. गाणं एक नाही."

"पुढे असेल," कौतिकराव म्हणाले.

"पुढं पण पाहिलं. नुसते दोन माणसं बोलून राहिले. एक म्हणतो चहा घे, दुसरा म्हणतो नको. मग दुसरा म्हणतो घेतो, तर पहिला म्हणतो आता थंड झाला. ह्याच्यात गाण्यासारखं काय आहे? मी स्वतः भजनी मंडळात ढोलक वाजवतो, म्हणून विचारलं."

"ते... भावगेय आहे."

"भाव दाखल्यावर नाही लिहिलेला, सर. वर्णन जुळत नाही. परत पाठवावं लागेल. माझ्या हातात नाही."

चौदा महिन्यांचा पत्रव्यवहार, सदतीस वह्या, एक पेटी आणि एक व्याख्यान कौतिकरावांच्या डोळ्यांपुढून गेलं. तेवढ्यात चुडामण पुढे वाकला. नकाशे काढणाऱ्याची नजर ती. मजकूर सोडून तो समास बघत होता.

"भाऊ, ही पेन्सिलीची टीप वाचा जरा."

रुपचंदांनी अक्षरं लावली. "बी... ई... बीट."

"बीट म्हणजे?"

"ताल!"

"आणि ही खाली?"

"बीट. इथं पण बीट. अरे, इथं पण!"

"बोल आपल्याला साधे दिसतात," चुडामण गंभीरपणे म्हणाला, "कारण चाल कागदावर येत नाही. नुसता ठेका टिपलाय."

आता, इंग्रजी नाटकाच्या समासात 'बीट' म्हणजे ताल नव्हे. बीट म्हणजे नट जिथे काही न बोलता क्षणभर थांबतो, ती जागा. कौतिकराव जात्या शिक्षक. चूक ऐकली की त्यांचा हात आपोआप वर जाई. तो अर्धा वर गेलाही. चुडामणनं काउंटरखाली त्यांच्या पायावर पाय दिला आणि तो तिथेच ठेवला.

रुपचंद बोटानं मोजत होते. "ह्या पानावर सात. सात मात्रा म्हणजे रूपक! काय बोलता! विलायतेत रूपक वाजवतात?" त्यांनी काउंटरवर ठेका धरला आणि त्यावर 'चहा घे, नको, घेतो, थंड झाला' हे म्हणून पाहिलं. बसलं. रजिस्टर्डच्या रांगेतल्या दोघांनी माना डोलावल्या. "सर, माफ करा हं. आपल्याला एवढं ज्ञान नाही." शिक्का पडला.

नऊ पानं रिक्षातच वाचायची नाहीत, असं ठरलं होतं. रिक्षात वाचून झाली. म्हणजे एकसष्टावं पान झालं. पुढची वाचण्यात अर्थ राहिला नाही.

बहीण विचारते, घरात खाट एकच? त्याखाली डेपोवाल्याचं उत्तर टाइप केलेलं होतं. चांगलं सहा ओळींचं. त्या सहाही ओळींवर तांबडी पेन्सिल इतक्या जोरानं फिरवली होती की कागद फाटायचा राहिला होता. उजेडाकडे धरला, उलटा धरला, घरी येऊन भिंग लावलं. एक शब्द लागेना. समासात डोरीनबाईंच्या नीटस अक्षरात टीप होती: 'कोणालाच पटेना. वाक्यं काढली. फक्त बीट. बहीण किटली ठेवते.'

चुडामणनं पान गुडघ्यावर ठेवून सपाट केलं.

"म्हणजे मी काय बोलायचं?"

"काही नाही."

"किती वेळ?"

"तेवढं दिलेलं नाही," कौतिकराव म्हणाले.

आखाजीला भागाबाई अमळनेरच्या गाडीनं आली. हातात सांजोऱ्यांचा डबा, डोक्यावर पदर, आणि सगळं एका फेरीत बघून घेणारे डोळे. समोरच्या खोलीतल्या वह्या, पेटी, तंबोरा पाहून तिनं एवढंच विचारलं, "हाई बठ्ठं काय शे?"

"संगीत शे, अक्का," कौतिकराव म्हणाले. तिच्याशी बोलताना त्यांची प्राध्यापकी आपोआप गळे आणि अहिराणी येई.

"कोन गास?"

"कोनी नही."

ती स्वयंपाकघरात गेली, मोरीत डोकावली, आणि मग आतल्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली. चुडामण तिच्या मागे. कौतिकराव चुडामणच्या मागे. दोघांनाही पान तोंडपाठ होतं.

"घरमा खाट एकच शे का?"

चुडामण थांबला. कौतिकरावांनी मनात मोजायला सुरुवात केली. सातापर्यंत पोचले, पुन्हा एकपासून धरलं. चुडामणच्या मानेवरून घामाचा थेंब कॉलरकडे निघाला होता. बाहेर कमलबाईंच्या अंगणात झोक्यावर पोरी आखाजीची गाणी म्हणत होत्या. दुसऱ्यांदा सात झाले. किटली ठेवायचं भागाबाईच्या मनात दिसेना. ती वाकली, गादी हातानं दाबून पाहिली, खाटेची रुंदी डोळ्यांनी मापली.

"रुंद शे," ती म्हणाली.

आणि वळून सांजोऱ्यांचा डबा उघडायला निघाली.

चुडामणला हे पचेना. माणूस सहा महिने ज्या परीक्षेची तयारी करतो, तिचा पेपरच कोणी वाटला नाही तर त्याचा अपमान होतो. तो तिच्या मागोमाग गेला.

"अक्का, तू काही इचारशी नही का?"

"इचारं ना. खाट इचारी."

"तसं नही. ती अमळनेरनी पोर..." त्यानं डब्यावर हात ठेवला. "अक्का, माले लगन करनं नही शे. कोनशीच नही. मी आठेच, ह्याच घरमा ऱ्हासू."

कौतिकराव भिंतीला टेकले. नेमक्या पेटीवर हात पडला आणि पेटी बोलली, ज्या पट्ट्या बोलत होत्या तेवढ्या.

भागाबाईनं एक सांजोरी चुडामणच्या हातावर ठेवली, एक कौतिकरावांच्या.

"ती पोरनं काय लई बसना? तिनं लगन मार्गशीर्षमाच व्हई गयं."

"आनि तू कळाडं नही?"

"तू तरी काय कळाडं व्हतं?" भागाबाई म्हणाली.

नवरामुलगा पाचोऱ्याला कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून होता.